रेस्क्यू चालवताना 'नाही' कसं म्हणायचं? (पिल्लांतल्या पार्वो रोगाच्या साथीनंतर गेट बंद ठेवलंय)

हायवेपलीकडची
रविवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा काढायची पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सातारा आणि कराडच्या मधे, हायवेपासून दीडेक किलोमीटर आत आमचं कुत्र्यांचं छोटं रेस्क्यू आहे. भाड्याची अकरा गुंठे जागा, पत्र्याची शेड, सात केनेल, एक चूल, मी, शनिवार-रविवार नवरा आणि दोन वेळ येणाऱ्या मावशी, एवढंच. २०१७ मधे ढाब्याजवळ ट्रकने उडवलेली एक कुत्री उचलली तिथून सुरू झालं, ठरवून काही केलं नव्हतं. ती कुत्री, पारू, अजून आहे, तीन पायांवर सगळ्यांवर दादागिरी करते. आज एकूण ३१ आहेत.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात एका सकाळी गेटला सफरचंदाचा खोका ठेवलेला. आत पाच पिल्लं, दीडेक महिन्याची, अंगावर पिसवा, पोटं फुगलेली. माझं वेगळं ठेवायचं केनेल तेव्हा भरलेलं होतं, त्यात कंबर मोडलेला एक काळा होता त्याला हलवता येत नव्हतं. मग मी म्हणलं एकच रात्र, आणि खोका स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवला. स्टोअरच्या पलीकडे, मधे फक्त जाळी, माझी आधीची सहा पिल्लं होती. त्या 'एकच रात्र'चे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी पहाटे मावशींनी फोन केला, ताई, वास येतोय. ज्यांनी पार्वो बघितलाय त्यांना तो वास सांगायला नको. रक्ताचा, कुजका, थोडा गोडूस, कपडे धुतले तरी नाकात राहतो.

नऊ दिवस. अकरा पिल्लांपैकी आठ गेली. खिडकीच्या गजाला सलाईनच्या बाटल्या लटकवलेल्या, थंडीने सलाईन गार पडायचं म्हणून नळी गरम पाण्याच्या बाटलीला गुंडाळायची आणि वरून नवऱ्याचे पायमोजे. बुंदी नावाचं एक होतं, माझ्या आधीच्या सहांतलं, त्याला एक लसही झाली होती, दुसरी पुढच्या आठवड्यात होती. सातव्या रात्री त्याने मान उचलून हातातलं पाणी चाटलं, मी आनंदाने नवऱ्याला उठवलं की हा वाचला. साडेचारला गेला.

ती खोक्यातली पाच बाहेर ठेवली असती तर बहुतेक पाचही गेली असती हे मला कळतं. पण माझी सहा वाचली असती हेही कळतं. आठ वर्षांत एकदाही कुणाला नाही म्हणाले नव्हते आणि मला त्याचा अभिमान होता. आता तीन महिने गेट बंद ठेवलंय, एकही नवीन घेत नाहीये. रोज पाच-सहा फोन येतात. लोक वाट्टेल ते बोलतात, डोनेशन खाता का, मग बोर्ड कशाला लावलाय, तुमच्यात दया नाही. परवा एक बाई फोनवर रडल्या, त्यांना नाही म्हणून फोन ठेवला आणि मी भात ढवळत ढवळत तासभर रडत होते.

तर विचारायचंय ते हे की तुमच्यापैकी जे रेस्क्यू चालवतात, फीडिंग करतात, ते आकडा कसा पाळतात? नाही कसं म्हणता? आणि म्हणल्यावर झोपता कसे?

---

रानजाई
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, आधी एक घट्ट मिठी. मी नागपूरला आहे, रेस्क्यू नाही पण घरात चार आणि बाहेर बावीस जणांचं खाणं बघते, त्यामुळे बुंदीचं वाचून पुढे वाचवेना, ऑफिसला निघता निघता परत येऊन पूर्ण केलं. तुम्ही गेट बंद केलंत ते बरोबर केलंत. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी नाही म्हणणं शेवटपर्यंत जमवलं नाही, दोन खोल्यांच्या घरात साठच्या वर कुत्री झाली, शेवटी त्यांना स्वतःलाच दवाखान्यात ठेवावं लागलं आणि ती साठ कुठे कुठे गेली कुणाला पत्ता नाही. साठ जीव वाचवले म्हणून आम्ही सगळे कौतुक करायचो, तेव्हाच एकाने तरी हात धरायला हवा होता. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

---

जनावरांचा_डॉक्टर
सोमवार, दुपारी २:०२

पंचवीस वर्षं प्रॅक्टिस आहे, त्यातली अर्धी तालुक्याच्या गावात. हायवेपलीकडची, तुमच्या हातून झालं ते मी मोठमोठ्या शेल्टरांत होताना बघितलंय, मन खाऊ नका. पण पुढच्यासाठी काही गोष्टी लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पार्वो फिनाईलने मरत नाही. हे दहा वेळा सांगतो कारण दहातली नऊ माणसं फिनाईलच ओततात. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि जमीन दहा मिनिटं तरी ओली राहिली पाहिजे. त्याच्याआधी शी, उलटी, माती सगळं घासून धुवायचं, घाणीवर ब्लीच ओतलं तर ते वाया जातं. फरशीचं जमतं, मातीचं जमत नाही, मातीत हा विषाणू महिनोन्महिने राहतो, सावलीत वर्षभरसुद्धा. म्हणजे तुमच्या ज्या कोपऱ्यात पिल्लं होती तिथे वर्षभर लस अपुरी असलेलं पिल्लू ठेवू नका, तिथे मोठी, लस पूर्ण झालेली ठेवा.

दुसरं, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदा. आणि लक्षणं दिसायच्या आधीच शीमधून विषाणू बाहेर पडायला लागतो. त्यामुळे नवीन आलेलं खेळकर दिसतंय, खातंय, म्हणून बरं आहे असं धरायचं नाही, चौदा दिवस वेगळं म्हणजे वेगळं. भांडी वेगळी, झाडू वेगळा, चप्पल वेगळी. मावशींनी त्यांचं काम सगळ्यात शेवटी करायचं. एक लस झाली म्हणून भागत नाही, आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असतं तोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत द्यावी लागते. बुंदीचं तसंच झालं असणार. तुमची चूक नव्हती ती.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. खोक्यातली पिल्लं येतात तेव्हा बहुतेक वेळा आई जिवंत असते. लोकांना पिल्लं एकटी दिसतात, आई खायला शोधायला गेलेली असते, हे उचलून आणतात. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हा समज आहे, कुत्री घेते. दिवसभरात परत नेऊन ठेवली तर बहुतेकदा घेतेच. म्हणून फोनवर पहिला प्रश्न 'किती आहेत' हा नको, 'कुठून उचललीत' हा हवा.

---

दोन_पोरांचा_बाप
सोमवार, रात्री ९:३०

राग मानू नका पण दुसरी बाजूही लिहितो. माझ्या धाकट्या मुलीला, वय सहा, जूनमधे आमच्या गल्लीतल्या कुत्रीने पोटरीला चावलं. पिल्लं होती तिची, मुलगी जवळून सायकल घेऊन गेली एवढंच. ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस आणि पहिल्या दिवशी जखमेत दिलेली ती इंजेक्शनं, ती किंचाळत होती आणि मी तिला धरून ठेवलं होतं. अजून ती एकटी खाली उतरत नाही. आमच्या गल्लीत एक मॅडम रोज रात्री स्कूटीवरून येऊन भात टाकतात आणि निघून जातात. कुत्री वाढतायत. त्यांना बोललं की प्राण्यांचे कायदे ऐकवतात. तुम्ही जे करता त्याबद्दल आदर आहे पण आमच्यासारख्यांचं कोण ऐकणार?

---

हायवेपलीकडची
मंगळवार, रात्री १२:२०

दोन_पोरांचा_बाप, राग कसला, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मुलीच्या जागी माझी भाची डोळ्यासमोर आली. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतली होती ना लगेच? पंधरा मिनिटं धुवायची असते, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, हळद, चुना, तिखट काहीही न लावता, आणि मग थेट दवाखाना, ओरखडा असला तरी. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस, आणि डॉक्टरांनी सांगितली तर जखमेतली इंजेक्शनं, घेतली तर तो जवळजवळ कधीच होत नाही.

तुमच्या गल्लीतल्या मॅडमचं म्हणाल तर नुसतं खायला घालणं हे अर्धं काम आहे, आणि अर्धं काम कधी कधी न केल्यापेक्षा वाईट. मादीचे दिवस साधारण ६३, वर्षात दोनदा वेत होऊ शकतं, एका वेताला पाच-सहा. एका गल्लीत दोन माद्या सुटल्या तरी दोन वर्षांत काय होतं ते तुम्ही बघताय. पण ज्या बाईच्या हातून ती कुत्री रोज खाते तीच बाई त्यांना पकडून द्यायला सगळ्यात उपयोगी असते. गाडी आली की कुत्री चार गल्ल्या पळतात, तिच्या हाकेला मात्र येतात. तिला शत्रू न करता एवढंच विचारून बघा की ताई, नसबंदीच्या दिवशी तुम्ही येऊन धराल का. २०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवायची असंही आहे, लहान मुलं खेळतात तिथून लांब. म्हणजे तुमचंही म्हणणं त्यात आहे. कानाला खाच दिसली की नसबंदी झालेली समजा. किती माद्या आहेत खाच नसलेल्या, मोजून सांगाल?

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टोअरच्या दारावर लावलाय. मावशींनी 'झाडू वेगळा' खाली पेनाने रेघ मारलीये. आणि बुंदीबद्दल जे लिहिलंत त्यासाठी काय म्हणू, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी असं सांगितलं.

---

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी १०:४५

मी दोन संस्थांचे हिशेब बघतो म्हणून विचारतो, नोंदणी आहे का तुमची? डोनेशन कुठल्या खात्यात येतं? लोक 'डोनेशन खाता का' विचारतात त्याला उत्तर भांडून देता येत नाही, कागदाने देता येतं.

---

हायवेपलीकडची
मंगळवार, दुपारी ३:१०

ट्रस्ट आहे, २०२१ ला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, देणगीदाराला करात सवलत मिळते ते ८०जी सुद्धा आहे. पण पहिली चार वर्षं माझ्याच यूपीआयवर यायचं आणि वहीत लिहायची मी. ते चुकलं, मान्य आहे.

महिन्याचं मोकळेपणाने लिहूनच टाकते. तांदळाची कणी सात हजार, चिकनच्या माना-पाय साधारण तेवढ्याचेच, मावशी बारा, जागेचं भाडं आठ, डॉक्टर-औषधं सरासरी अठरा पण पार्वोच्या महिन्यात चाळीसच्या वर गेलं, पेट्रोल-लाईट-ब्लीच-गोण्या पाच. म्हणजे सत्तावन्न हजार. डोनेशन चांगल्या महिन्यात पस्तीस, वाईट महिन्यात अकरा. बाकी आमच्या दोघांच्या पगारातून. गाडी घ्यायची होती ती राहिली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी सहा महिने पुढे ढकललं ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहितेय.

---

हिशेबनीस
मंगळवार, सायंकाळी ६:२२

आईंचं ऑपरेशन आधी करा. हे हिशेबाचंच वाक्य आहे असं समजा. तुम्ही आजारी पडलात तर ३१ जणांना दुसरं कोणी नाही.

आता सूचना. हा जो खर्च इथे लिहिलात तोच फलकावर दर महिन्याला गेटला लावा, येणारे-जाणारे वाचतील. 'अन्नासाठी मदत करा' असं म्हणण्यापेक्षा 'एका कुत्र्याचा महिना १८०० रुपये' असं म्हणून एकेका कुत्र्याला एकेक माणूस जोडा. तुमच्या सत्तावन्नला ३१ ने भागलं तर साधारण तेवढेच येतात. ३१ माणसं मिळणं अवघड नाही, आणि ज्याला माणूस मिळाला नाही तो आकडा तुमची मर्यादा दाखवतो. तुम्ही विचारलं होतं ना आकडा कसा पाळायचा? मी तरी असा पाळीन. आणि हो, ८०जी साठी दोन हजारांवर रोख घेऊ नका, देणाऱ्याला सवलत मिळत नाही.

---

दूरदेशी
मंगळवार, रात्री ११:०५

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते, रोज रात्री मुलं झोपली की इथे वाचते. महिन्याला दोन कुत्र्यांचं मी देईन, खातं पाठवा. बाहेरून पैसे चालतात का पण?

इथल्या प्राणी-आश्रमातून आम्ही एक म्हातारा कुत्रा घेतला तेव्हाचा अनुभव सांगते. फुकट देत नाहीत, शुल्क घेतात आणि करारावर सही घेतात, त्यात लिहिलेलं असतं की नाही जमलं तर कुत्रा परत त्यांच्याकडेच आणायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. मला तेव्हा राग आला होता की चांगलं काम करतोय तर पैसे कसले. पण पैसे मोजले की माणूस दोन रात्री विचार करतो.

---

हिशेबनीस
बुधवार, सकाळी ८:३०

दूरदेशी, भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर मात्र संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी लागते, ओसीआय कार्ड असलं तरी. तेवढं बघून पाठवा.

---

सांभाळ_नव्हता_झाला
बुधवार, दुपारी १:५०

हा आयडी आजच काढलाय, कारण खऱ्या आयडीने लिहायचं धाडस नाही. मी एक कुत्री परत केलेली आहे. २०२० च्या लॉकडाऊनमधे घेतली होती एका संस्थेकडून, गावठीच, पाच महिन्यांची. तेव्हा दोघं घरी होतो. २०२२ मधे ऑफिस सुरू झालं, ती दहा-दहा तास एकटी, दार कुरतडायची, शेजारी तक्रारी. आम्ही तिला परत नेऊन सोडलं. ती गाडीतून उड्या मारत उतरली, तिला वाटलं फिरायला आणलंय. नंतर गाडी वळवली तेव्हा आरशात ती उभी दिसत होती, शेपूट हलवणं थांबलेलं.

संस्थेतल्या ताई काहीच बोलल्या नाहीत, फक्त म्हणल्या रस्त्यावर सोडली नाहीत हे बरं केलंत. ते वाक्य मी विसरू शकत नाही. मला विचारायचंय की तुम्हाला आमच्यासारख्यांबद्दल काय वाटतं, खरं सांगा.

---

हायवेपलीकडची
बुधवार, रात्री १०:३६

खरं सांगते. त्या दिवशी राग येतो. खूप येतो. माझ्याकडे आजवर दिलेल्यांपैकी नऊ परत आलीत. कारणं म्हणजे लग्न ठरलं, बाळ होणार, घरमालक, सासूबाई, दमा, आणि एकदा 'मोठी झाल्यावर तेवढी गोंडस दिसत नाही'. त्या शेवटच्या माणसाचा राग अजून आहे.

पण परत आलेलं कुत्रं मला सापडतं, त्याच्या अंगावर हात फिरवता येतो. लॉकडाऊननंतर हायवेला जी सोडून दिलेली मिळाली, एक हस्की होता, थंड प्रदेशातली जात, पट्टा काढून घेतलेला पण मानेवर पट्ट्याची खूण, आपल्या मे महिन्यात, जीभ निळसर पडलेली, तो दर गाडीमागे धावायचा. आम्ही पोचेपर्यंत त्याच्या चारही पंजांची कातडी गेली होती. पट्टा तरी का काढला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तर तुम्ही तिला परत आणून दिलंत, ती कुणाच्या तरी हातात होती. त्या ताईंना एकदा फोन करा. ती कुणाकडे गेली ते त्या सांगतील. चांगलीच बातमी असायची शक्यता जास्त आहे.

---

पारावरचे_आजोबा
गुरुवार, सकाळी ६:१०

वय ७८. बायको गेल्यापासून माझ्या पायाशी एक खंडू असतो, बारा वर्षांचा, दोघंही गुडघ्याने आजारी. आमचं कुलदैवत खंडोबा, जेजुरीला देवाबरोबर कुत्रा असतो हे लहानपणापासून बघितलेलं. आजी नामदेवांची गोष्ट सांगायची, कुत्रं पोळी घेऊन पळालं तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको रे देवा म्हणत. आमच्या घरी पहिली भाकरी कुत्र्याची असायची, पण तेव्हा गल्लीत कुत्री दोनच होती आणि ती सगळ्या गल्लीची होती, ओट्यावर झोपायची. आता कुणाचीच नाहीत.

इतिहासाची आवड म्हणून एक सांगतो. १८३२ साली जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारणं चालू होतं, त्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. म्हणजे हे भांडण मुंबईत दोनशे वर्षांचं होत आलंय. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर आमच्या पिढीत सगळ्यांना ठाऊक, माझ्या वडिलांनी तिथे टांग्याचा घोडा नेलेला मला आठवतो.

बाईसाहेब, एखादं म्हातारं, कुणी नेत नाही असं कुत्रं आहे का तुमच्याकडे? मी सांगलीला असतो. पण माझ्यामागे त्याचं काय हा प्रश्न मलाही आहे, म्हणून विचारून ठेवतो.

---

खारं_वारं
गुरुवार, दुपारी १२:४०

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे २०१४ पासून रेबीजविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम झाली, मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून. जाळ्या घेऊन वाड्यावाड्यात, समुद्रकाठी, कुत्र्याला लस दिली की अंगावर रंगाची खूण करायची, मोबाईलवर नोंद करायची. मी दोन वर्षं त्यात जात होते. जाळी टाकताना कुत्र्याला धडकी भरते पण मिनिटभरात सगळं उरकतं. सत्तर टक्के कुत्र्यांना लस पोचली की साखळी तुटते, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. २०१८ पासून पुढची तीन वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मधे राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. कुत्री होती तिथेच होती. दोन_पोरांचा_बाप यांना हे मुद्दाम सांगतेय.

हायवेपलीकडची, एवढ्या मोठ्या मोहिमेतसुद्धा रोज ठरलेला वाडा संपला की घरी जायचं असायचं. पलीकडच्या वाड्यात आजारी दिसलं तरी नोंद करून पुढे. मला सुरुवातीला फार क्रूर वाटायचं. पण ती शिस्त नसती तर दुसऱ्या महिन्यात आम्ही सगळे गळालो असतो.

---

ठाणे_पश्चिम
गुरुवार, रात्री ८:५५

सुप्रीम कोर्टाच्या निकालांचा तुमच्याकडे काय परिणाम? ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत सगळी उचला म्हणले, २२ ऑगस्टला बदललं की नसबंदी, लस करून तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, स्टॅंड, स्टेशन इथली उचलून परत सोडू नका. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या ऑगस्टपासून दोन तट पडलेत, एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जात नाहीत. आणि खोका ठेवणाऱ्याचं सीसीटीव्ही फुटेज नाही का? केस करा सरळ.

---

हायवेपलीकडची
गुरुवार, रात्री ११:५९

फुटेज आहे. गाडीचा नंबरही दिसतो. पण १९६० च्या कायद्यात प्राणी सोडून देण्याला पहिल्या वेळी दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. तेव्हा मी त्या माणसाला फोन लावला. शाळेतले शिपाई निघाले. म्हणले, मॅडम, मुख्याध्यापक म्हणाले आज संध्याकाळपर्यंत पिल्लं हलव, मला तुमच्याशिवाय कुणी माहीत नव्हतं. आठ गेली हे मी त्यांना सांगितलं नाही.

कोर्टाचा परिणाम म्हणाल तर हाच. नोव्हेंबरनंतर शाळा-दवाखान्यांचे फोन वाढले, सगळ्यांना कुत्री 'शेल्टरला' द्यायची आहेत. शेल्टर म्हणजे कोण, तर आमच्यासारखी अकरा गुंठ्यांची माणसं.

आजोबा, आहे. राणी. लॅब्रॅडॉर, ब्रीडरने वापरून टाकून दिलेली, पोटाची कातडी लोंबते, दात झिजलेत, पिंजऱ्याचे गज चावून चावून. दहाच्या आसपास असेल. तिला फक्त कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवून पडायचं असतं. तुमच्यामागे ती माझ्याकडे परत येईल, दूरदेशींनी लिहिलं तसं करारात लिहून देते. रविवारी फोन करते तुम्हाला.

---

दोन_पोरांचा_बाप
पुढच्या आठवड्यात, शनिवार, संध्याकाळी ५:२०

मोजली. गल्लीत नऊ, खाच नसलेल्या माद्या चार. स्कूटीवाल्या मॅडमशी बोललो, पहिले पाच मिनिटं त्या भांडायच्याच तयारीत होत्या. मग मुलीचा पाय दाखवला, त्या गप्प झाल्या, डोळ्यात पाणी आलं. चारपैकी तीन माद्या आज गाडीत गेल्या, मॅडमनी मांडीवर घेऊन बसवल्या. चौथी, जी चावली होती ती, सापडली नाही. मंगळवारी परत प्रयत्न. मुलगी गॅलरीतून बघत होती, खाली नाही आली.

---

हायवेपलीकडची
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४०

अपडेट द्यायला उशीर झाला. आईचं ऑपरेशन झालं, छान दिसतंय तिला. राणी सांगलीला गेली, आजोबांनी फोटो पाठवलाय, खंडूच्या गोधडीवर राणी आणि खंडू फरशीवर. ३१ पैकी १९ जणांना महिन्याचं माणूस मिळालं. बारा बाकी आहेत.

आणि बुधवारी परत खोका आला. या वेळी माणसं गेटवर थांबली होती, कॉलेजची दोन मुलं, खोक्यात पाच. माझे हात खोक्याकडे गेले होते, खोटं नाही सांगत. मग दारावरचा कागद आठवला आणि विचारलं, कुठून उचललीत? बांधकामाच्या साईटवरून, सकाळी आठला. आई? दिसली नाही म्हणे. मी खोका आत घेतलाच नाही, चप्पल बदलली, त्यांच्याच गाडीत बसले. साईट सोळा किलोमीटर. तिथे एक विटकरी कुत्री वाळूच्या ढिगाभोवती गोल गोल फिरत होती, सड दुधाने तटतटलेले, मधेच थांबून हुंगायची आणि परत फिरायची. खोका खाली ठेवून आम्ही गाडीच्या मागे गेलो. तिने एकेकाला तोंडात धरून वाळूमागच्या पाईपमधे नेलं. त्यातला एक मुलगा हुंदके देऊन रडायला लागला, म्हणला आम्ही तर वाचवत होतो. मी म्हणलं तू थांबून विचारलंस, बाकीचे खोका ठेवून पळतात.

वॉचमनदादांशी बोलून आलेय. कणीची दहा किलोची गोणी त्यांच्याकडे ठेवली, मुलं आलटून पालटून चिकन पोचवतील, पिल्लं दोन महिन्यांची झाली की आईची नसबंदी आणि सगळ्यांना लस, तारखा लिहून दिल्यात. काल दादांनी फोटो पाठवला, त्यात चारच दिसतायत. पाचवं पाईपमधे आत असेल म्हणले. मी उद्या सकाळी जंताचं औषध घेऊन जातेय, तेव्हा बघते.

जागा माझ्याकडे होती, वेगळं केनेल रिकामं आहे. ते तसंच रिकामं ठेवलंय.

---

जनावरांचा_डॉक्टर
रविवार, रात्री १०:१५

जंताचं औषध वजनावर द्या, अंदाजाने नको. किचनचा काटा घेऊन जा. आणि पाईपमधे हात घालायच्या आधी आईला खायला देऊन लांब न्या.